पास घेऊ की नको? पुण्याच्या एका कुटुंबाची पहिली जपानवारी

२०२४ च्या फेब्रुवारीत माझ्याकडे एक प्रश्न आला. विचारणारी मुलगी सिंहगड रस्त्याला राहणारी, आयटीत नोकरी करणारी. “ताई, आई-बाबांना घेऊन जपानला जायचंय. आम्ही तिघंही पहिल्यांदाच. २७ एप्रिलला पोचायचं, ५ मेला परत. टोकियो, फुजी, ताकायामा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा देशभर चालणारा पास, काढला की सगळं वसूल होतं असं जो तो सांगतोय. काढून टाकू ना?”

मी काही वर्षं योकोहामात राहिले, आता पुण्यात जपानी शिकवते. त्यामुळे दर उन्हाळ्याच्या तोंडावर असे प्रश्न येतात आणि बहुतेकांची घडण हीच असते: आधी तारखा, मग शहरांची यादी, शेवटी पासाचं हो की नाही. हेच प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या एका प्रश्नाच्या पोटात बरंच काही दडलेलं होतं. जुना झालेला सल्ला होता, चुकीचा आठवडा होता, शाकाहार, गुडघे, औषधं होती. आणि जी गोष्ट पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली, ती प्रश्नात नव्हतीच. घरच्यांना विचारून लिहिते आहे, नावं मात्र घेत नाही.

आधी पासाचंच बघू. लोक तिला जे सांगत होते ते काही महिन्यांपूर्वीपर्यंत अगदी बरोबर होतं. सात दिवसांचा साधा जेआर पास २९,६५० येनांना मिळायचा. टोकियो ते क्योतो शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट सुमारे १४,००० येन. म्हणजे नुसतं जाऊन आलं तरी पास जवळजवळ फिटायचा आणि पुढे हिरोशिमा केलं की ते फुकटात पडायचं. म्हणून “जपानला चाललात? आधी पास घ्या” हे वाक्य वर्षानुवर्षं एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जात राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच पास ५०,००० येनांचा झाला. पूर्वी पासावर नोझोमी ही सगळ्यात वेगवान गाडी चालतच नसे. आता चालते, पण त्यासाठी वर वेगळे पैसे भरावे लागतात. त्या वेळी येन साधारण ५५ पैशांना पडत होता. तिघांचे पास म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर.

वाईट याचं वाटतं की सल्ला देणाऱ्यांपैकी कुणाचाच हेतू खोटा नव्हता. २०१८ मध्ये, २०१९ मध्ये जाऊन आलेली ही माणसं आपला खरा अनुभव सांगत होती. फक्त त्या अनुभवाला तारीख असते, ती सांगायची राहून जात होती. तेव्हापासून कुणी जपानबद्दल काही सांगितलं की मी आधी “तुम्ही कधी गेला होतात?” असं विचारून घेते.

पण पास महाग झालाय एवढं कळवून मी थांबले असते तर तिचं निम्मंच काम झालं असतं. मी तिला उलट प्रश्न विचारले. आई-बाबांची वयं काय? सलग किती चालवतं? कोण काय खातं? रोज कुठली औषधं चालू आहेत? आणि तिघांपैकी प्रत्येकाला, अगदी एकच गोष्ट बघायला मिळणार असेल तर, कुठली बघायची आहे?

उत्तरं रात्री आली. बाबा ७०, निवृत्त शिक्षक, रक्तदाबाची आणि साखरेची गोळी, मासे-अंडी चालतात. आई ६५, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, उजवा गुडघा दुखतो, जिने उतरताना जास्त. तिला स्वतःला क्योतोची देवळं बघायची होती, बाबांना हिरोशिमा. आणि आईच्या नावापुढे लिहिलं होतं, “आई म्हणते, तुम्ही न्याल तिथे येईन.”

आठवडा

तारखांबद्दल मी जरा जोर लावला. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे या जपानमधल्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्यांना जोडून अख्खा देश बाहेर पडतो, त्यालाच तिथे गोल्डन वीक म्हणतात. हॉटेलांचे दर चढतात, शिनकान्सेन भरून वाहते. २०२३ च्या वर्षअखेरपासून तर अशा गर्दीच्या दिवसांत नोझोमीचे सगळेच डबे आरक्षित असतात, आयत्या वेळी स्टेशनवर जाऊन मोकळ्या, म्हणजे आरक्षण नसलेल्या, डब्यात जागा शोधण्याची सोय राहत नाही. गुडघा दुखणाऱ्या बाईला घेऊन त्या गर्दीत जाऊ नये, असं मी स्पष्ट लिहिलं.

तिची अडचण खरी होती. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि दोन शनिवार-रविवार पकडून तिने रजा बसवली होती. विमानाची तिकिटं अजून काढलेली नव्हती हे नशीब. मी सुचवलं, दोन आठवडे पुढे ढकल. मेच्या मध्यावर गर्दी ओसरते, हवा आपल्या डिसेंबरच्या दुपारसारखी असते, झाडांना कोवळी पालवी असते. जूनमध्ये त्यांचा पावसाळा सुरू होतो, त्याच्या आत परत यायचं. तिने साहेबांशी बोलून ११ ते २० मे मिळवले.

काकूंशी बोलणं

“तुम्ही न्याल तिथे येईन” हे उत्तर मला ओळखीचं आहे. आमच्या घरातही आई हेच म्हणायची. म्हणून मी मुलीला सांगितलं, मला काकूंशी फोनवर बोलायचंय.

काकू सुरुवातीला संकोचल्या. मग इकडच्या-तिकडच्या गप्पांत म्हणाल्या, “अगं, मी रोज सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाते. गुडघ्यासाठीच सुरू केलं होतं, आता अठरा वर्षं होतील. ते बाग जपानमधल्या कुठल्यातरी बागेवरून केलंय म्हणतात. ते मूळचं खरंच आहे का गं? लांब असेल ना फार?”

पुणेकरांना हे उद्यान माहीत आहे, पण त्याचं दुसरं नाव, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, फारसं कुणाच्या तोंडात नसतं. २००६ साली ते लोकांसाठी उघडलं. त्यामागची प्रेरणा ओकायामा शहरातलं कोराकुएन. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये ते करवून घ्यायला सुरुवात केली, १७०० मध्ये ते पुरं झालं. जपानच्या तीन सर्वांत नावाजलेल्या बागांत ते मोजतात. १८८४ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्याची फार हानी झाली, पण जुने नकाशे आणि चित्रं जपलेली होती, त्यांवरून ते पुन्हा उभं केलं.

आणि ओकायामा लांब तर नाहीच, ते बाबांच्या हिरोशिमाच्या वाटेवर आहे. ओसाकाहून हिरोशिमाला जाणारी शिनकान्सेन ओकायामातूनच जाते. मुलीने आखलेल्या प्रवासात ही तिघं त्या स्टेशनवरून दोनदा गेली असती, जाताना आणि येताना, आणि काकूंना कुणी सांगितलंही नसतं. अठरा वर्षं त्या बागेत चालणारी बाई. हे मला त्या रात्री झोपू देईना.

नवी आखणी

मग आम्ही यादी बाजूला ठेवली आणि माणसांवरून प्रवास बांधला. ताकायामा काढलं, तिथे जाण्या-येण्यात जवळजवळ दोन दिवस गेले असते. ओसाका काढलं. फुजीसाठी वेगळा दिवस ठेवला नाही, त्याबद्दल पुढे सांगते. टोकियोत उतरायचं आणि ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून परत निघायचं, म्हणजे उलटं टोकियोला यायला नको. टोकियोत चार रात्री, क्योतोत तीन, ओकायामात दोन. हिरोशिमा ओकायामाहून जेमतेम ४० मिनिटांवर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ओकायामाची हॉटेलं क्योतोपेक्षा स्वस्त आणि स्टेशनला लागून, हाही फायदा.

आता पासाचा हिशेब नीट लागला. टोकियो ते क्योतो सुटं तिकीट, १४,००० येन. त्यापुढे पश्चिम भागापुरता पाच दिवसांचा कानसाई-हिरोशिमा पास, १७,००० येन. त्यात नारा, ओकायामा, हिरोशिमा आणि शेवटी विमानतळाची हारुका गाडी, सगळं येतं. माणशी ३१,०००, म्हणजे देशभरच्या पासापेक्षा १९,००० येन कमी. तिघांचे मिळून तीस हजार रुपये वाचले.

यात एक खाच आहे, ती आधीच सांगून ठेवावी लागते. क्योतो ते शिन-ओसाका हा शिनकान्सेनचा तुकडा दुसऱ्या जेआर कंपनीचा आहे, तिथे हा पास चालत नाही. क्योतोहून साध्या जलद गाडीने अर्ध्या तासात शिन-ओसाकाला यायचं आणि तिथून पुढे शिनकान्सेन धरायची. हे ठाऊक नसलेली माणसं क्योतोच्या फाटकावर अडतात.

फुजीचं असं. टोकियोहून क्योतोकडे जाताना डोंगर उजव्या हाताला येतो, गाडी सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास. शिनकान्सेनमध्ये एका बाजूला ए-बी-सी अशी तीन आसनं आणि दुसऱ्या बाजूला डी-ई अशी दोन असतात. फुजीची बाजू ई ची. तिघं एकत्र म्हणून लोक हमखास ए-बी-सी घेतात आणि समुद्राची बाजू पदरात पडते. मी सांगितलं, आई-बाबांना ई आणि डी, तू मधली वाट सोडून पलीकडे सी. हवा स्वच्छ असेल तर दिसेल, नसेल तर त्यासाठी घालवलेला दिवस तरी वाया गेला नाही.

राहण्यासाठी टोकियोत निशी-कासाई सुचवलं. एदोगावा वॉर्डातली ही वस्ती, भारतीयांची गजबज तिथे आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. पर्यटकांच्या यादीत ही जागा नसते, पण तोझाई मेट्रोने शहराच्या मध्यात पोचायला वीस मिनिटं पुरतात आणि रात्री दमून आल्यावर काकूंना समोर गरम पोळी-भाजी मिळू शकते. पहिल्या चार दिवसांत पोट स्थिर राहिलं की पुढचं सोपं जातं.

दाशी

शाकाहाराबद्दल मुलीला एवढंच माहीत होतं की “मांस-मासे नको” सांगायचं. एवढ्याने भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या चकत्या आणि समुद्री वनस्पती यांचं ते पाणी. मिसो सूप, उदोन, उकडलेल्या भाज्या, बुडवून खायचे सॉस, सगळ्यांत ते असतं. वाढणारा अगदी मनापासून सांगतो की यात मासा नाही, कारण त्याच्या लेखी तुकडा नाही म्हणजे मासा नाही. तो फसवत नसतो. म्हणून मी जपानी अक्षरांत एक कार्ड लिहून दिलं. मांस, मासे, अंडी आणि कात्सुओदाशी चालत नाही, कोम्बुची म्हणजे समुद्री वनस्पतीची दाशी चालते. ही शेवटची ओळ फार कामाची, कारण तिच्यामुळे समोरच्याला नकाराऐवजी काहीतरी देता येतं. क्योतोत बौद्ध मठांच्या परंपरेचं शोजिन र्‍योरी नावाचं जेवण मिळतं, त्यात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नाही. एक दुपार त्यासाठी राखली.

बाकी दिवसांसाठी घरचाच उपाय. तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानांत शिजवलेल्या भाताचे डबे मिळतात, सांगितलं तर तिथेच गरम करून देतात. त्यावर मेतकूट, तूप आणि लोणचं. काकूंना निशी-कासाईतल्या माझ्या मैत्रिणीसाठी हापूसही न्यायचा होता, मेच होता ना. तेवढं मात्र थांबवावं लागलं. ताजी फळं-भाज्या वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत. भाकरवडी गेली.

औषधांची पिशवी मी फोनवर एकेक नाव वाचून घेत तपासली. स्वतःपुरती महिनाभराची, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं कागदपत्रांशिवाय नेता येतात. पण सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर तिथे बंदी आहे, खोकल्याच्या औषधातल्या कोडीनवरही निर्बंध आहेत. आपल्याकडे ही औषधं घरोघरी कपाटात असतात. यांच्या पिशवीतही कोडीनची एक बाटली निघाली, ती घरी राहिली.

व्हिसाचं फार सांगण्यासारखं नाही. रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, म्हणून आखणी पक्की झाल्यावरच अर्ज केला. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळू लागला होता. तो उतरल्यावर इंटरनेट चालू असलेल्या मोबाइलवरच उघडून दाखवावा लागतो, छापलेला कागद किंवा स्क्रीनचा फोटो चालत नाही. तिघांचेही मुलीच्या फोनवर उघडून बघायला लावले.

प्रत्यक्षात काय झालं

फुजी दिसला. बाबांनी आधी पाहिला आणि डब्यात कुणी बोलत नसल्यामुळे नुसता काकूंचा हात दाबला, असं मुलीने कळवलं. क्योतोत फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींतून खालचा सपाट भाग करून काकू बाकावर बसल्या, बाप-लेक थोडं वर जाऊन आले. पुरा डोंगर चढायला दोन-तीन तास लागतात, तो सोडून दिला. शोजिन र्‍योरीतलं तिळाचं तोफू काकूंना इतकं आवडलं की ते कसं करतात हे मला विचारून झालंय.

एक गोष्ट मात्र बिघडली, आणि ती माझ्या सांगण्यामुळे. मोठ्या बॅगा घेऊन स्टेशनच्या जिन्यांत अडकू नये म्हणून मी ताक्क्यूबिन सुचवलं होतं. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, दुसऱ्या दिवशी ती पुढच्या शहरातल्या हॉटेलवर हजर. उत्तम सोय आहे. शिनकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर खास जागेचं आरक्षण लागतं, तेही यात टळतं. १४ तारखेला सकाळी त्यांनी टोकियोतून बॅग दिली, १५ ला क्योतोत मिळायची. त्या बॅगेत बाबांच्या गोळ्या गेल्या. मी “एका रात्रीचे कपडे जवळ ठेवा” एवढंच सांगितलं होतं, औषधं म्हटलंच नव्हतं. ज्या पिशवीतलं एकेक नाव मी वाचून घेतलं होतं, ती कुठे ठेवायची हे सांगायला विसरले.

रात्री नऊला, म्हणजे इथे साडेपाचला, मुलीचा फोन आला. तिथल्या दुकानातून तशी गोळी चिठ्ठीशिवाय मिळणार नव्हती. त्यांच्या पुण्यातल्या डॉक्टरांशी बोलणं झालं. एका रात्रीची गोळी चुकली तर काळजी नको, उद्या वेळेवर घ्या, दुप्पट घेऊ नका, असं त्यांनी सांगितलं. बाबा ठीक होते. मला मात्र क्योतोत बॅग मिळाल्याचा निरोप येईपर्यंत चैन पडलं नाही. आता मी सल्ला लिहायला घेतला की पहिली ओळ “गोळ्या गळ्यातल्या पिशवीत” ही असते.

१९ तारखेला हिरोशिमा. अणुबॉम्बच्या संग्रहालयातून बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ नदीकाठी बसून राहिले. संग्रहालयात सव्वाआठला थांबलेलं एक मनगटी घड्याळ आहे. शाळेत ६ ऑगस्टचा धडा त्यांनी तीस वर्षं शिकवला होता.

कोराकुएन १८ ला दुपारी झालं होतं. ओकायामा स्टेशनवरून ट्राम, मग नदीच्या बाजूने सावकाश चालत. बागेच्या पलीकडे ओकायामाचा काळा किल्ला दिसतो. तो १९४५ मध्ये जळला, १९६६ मध्ये पुन्हा बांधला. बागेत मोठी हिरवळ, चहाची रोपं, भाताचं छोटं वाफं, आणि र्‍यूतेन नावाचं एक उघडं लाकडी बसायचं ठिकाण, ज्याच्या मधून ओहोळ वाहतो. पाण्यात रंगीत दगड ठेवलेले. काकू तिथे फळीवर पाय सोडून बसल्या. “आमच्याकडे पाणी कॅनॉलचं आहे,” असं त्या मुलीला सांगत होत्या, “पण वळवलंय असंच.”

२० ला रात्रीचं विमान होतं. सकाळी काकू सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसल्या. बाग साडेसातला उघडतं, हे त्यांनी आदल्या दिवशी फाटकावर विचारून ठेवलं होतं, माझ्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला घड्याळाचं चित्र काढून. ठरलेली गाडी अकराची होती. त्या बागेतून निघाल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. पासाचा तो पाचवा दिवस, मोकळ्या डब्यात बसून तिघं पुढच्या गाडीने निघाली. वेगळे पैसे पडले नाहीत.